९६ तास झाले म्हणून कॅन्युला बदलायचा का? एका मेडिसिन वॉर्डातील निर्णयाचा प्रकरण अभ्यास

प्रौढांच्या एका मेडिसिन वॉर्डात पायाच्या सेल्युलायटिससाठी, म्हणजे त्वचेखालील जंतुसंसर्गासाठी, दाखल झालेल्या ७१ वर्षांच्या स्त्री रुग्णाच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर २२ गेजचा कॅन्युला, म्हणजे शिरेतून औषध देण्याची बारीक नळी, लावलेला होता आणि त्यातून दिवसातून तीन वेळा अँटिबायोटिक दिले जात होते. चौथ्या रात्री कॅन्युलाला ९६ तास पूर्ण झाले. जागेवर लाली किंवा सूज नव्हती, दाबल्यावर दुखत नव्हते, ड्रेसिंग कोरडे होते आणि फ्लशचे सलाइन विनाअडथळा जात होते. तरीही ९६ तासांनंतर कॅन्युला बदलावा असा वॉर्डाचा लेखी नियम असल्यामुळे रात्रपाळीच्या नर्सने तो काढला. नवा लावताना पहिले दोन प्रयत्न फसले, एका ठिकाणी शीर फुटून हात काळानिळा झाला. अखेर शेजारच्या वॉर्डातील अनुभवी सिस्टरना बोलावून उजव्या कोपराच्या घडीत कॅन्युला बसवावा लागला, जिथे हात वाकवला की प्रवाह थांबतो आणि कॅन्युला निसटण्याची भीतीही अधिक असते. या साऱ्यात अँटिबायोटिकचा रात्रीचा डोस लांबला. "सिस्टर, आधीची सुई चांगली चालत होती ना, मग काढलीत कशाला?" असे रुग्णाने विचारले, तेव्हा "आजी, नियमच आहे तसा," याखेरीज नर्सजवळ उत्तर नव्हते.

हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे. त्यातील वॉर्ड, रुग्ण आणि वॉर्डाने केलेल्या पाहणीतील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रकाशित संशोधनातील आकडे मात्र मूळ अभ्यासांतलेच आहेत.

सकाळच्या हँडओव्हरमध्ये ही घटना निघाली, तेव्हा इन्चार्ज सिस्टरनी ती नर्सच्या कौशल्याचा मुद्दा न मानता नियमाचा मुद्दा मानली, आणि ते योग्यच होते. शीर न सापडणे हा कोणाच्याही वाट्याला येणारा प्रसंग आहे. गरज नसताना शीर शोधायला लावणे हे मात्र नियमाचे काम होते. त्यांनी दोन स्टाफ नर्स, संसर्ग नियंत्रणाची नर्स आणि नर्सिंगच्या एक अध्यापिका अशा चौघींना पुरावा तपासण्याचे काम दिले.

पहिल्या बैठकीत वहीत लिहिलेला प्रश्न असा होता: "कॅन्युला सारखा बदलणे योग्य आहे का?" अशा प्रश्नाला शोध घेऊन उत्तर मिळत नाही, कारण योग्य कोणासाठी, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या परिणामाच्या दृष्टीने, हे त्यात कुठेच नाही. म्हणून पिको पद्धतीने, म्हणजे रुग्ण, उपाय, तुलना आणि परिणाम हे चार भाग स्पष्ट करून, तो पुन्हा मांडण्यात आला. शिरेवाटे उपचार चार दिवसांहून अधिक चालण्याची शक्यता असलेल्या प्रौढ रुग्णांत, गरजेनुसार कॅन्युला बदलल्यास, दर ७२ ते ९६ तासांनी बदलण्याच्या तुलनेत, शिरेच्या दाहाचे म्हणजे फ्लेबायटिसचे प्रमाण वाढते का? एवढ्यावर काम संपले असे दोघींना वाटले. संसर्ग नियंत्रणाच्या नर्सने आग्रह धरून परिणामांच्या रकान्यात कॅन्युलामुळे होणारा रक्तप्रवाहातील संसर्ग ही दुसरी नोंद करायला लावली. फ्लेबायटिस वारंवार होतो, पण बहुधा कॅन्युला काढल्यावर निवळतो. रक्तप्रवाहातील संसर्ग विरळा असतो, पण झाला तर जिवावर बेततो. या दोन परिणामांसाठी लागणारा पुरावा एकाच जातीचा नसतो आणि पुढचा सगळा वाद याच एका वाढवलेल्या ओळीभोवती झाला.

नियम आला कुठून, हे पाहणे सोपे होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांचा कॅन्युला किमान दर ७२ ते ९६ तासांनी बदलावा असे म्हटले होते. २०११ च्या आवृत्तीत भाषा बदलली: प्रौढांत ७२ ते ९६ तासांपेक्षा लवकर बदलण्याची गरज नाही, आणि केवळ गरजेनुसार बदलण्याच्या प्रश्नावर निर्णय झालेला नाही. "किमान इतक्या तासांनी बदला" आणि "इतक्या तासांच्या आत बदलण्याची गरज नाही" ही दोन वेगळी विधाने आहेत. वॉर्डाच्या भिंतीवर मात्र पहिलेच चिकटलेले राहिले. त्याच सूचनांत मुलांचा कॅन्युला गरज असेल तेव्हाच बदलावा, असे आहे. लहान मुलांची शीर मिळणे कठीण असते हे खरे, पण वेळ उलटली की कॅन्युला आपोआप धोकादायक होतो असे असते, तर मुलांनाही तो धोका असायला हवा होता.

वेळेच्या नियमामागचा तर्कही तपासण्यासारखा आहे. कॅन्युला जितका जास्त दिवस राहील तितके फ्लेबायटिस होणाऱ्या रुग्णांचे एकूण प्रमाण वाढते, हे निरीक्षण खरे आहे. पण एकूण साठत गेलेला धोका वाढणे आणि प्रत्येक पुढच्या दिवसाचा धोका वाढणे या भिन्न गोष्टी आहेत. रोजचा धोका कमीअधिक सारखाच राहत असेल, तर चौथ्या दिवशी जुना कॅन्युला काढून नवा लावल्याने पाचव्या दिवसाचा धोका कमी होत नाही. तो नव्या शिरेत जसाच्या तसा राहतो आणि त्यात नव्याने टोचण्याचा त्रास मिळवला जातो. कॅन्युला बदलल्याने धोक्याचा काटा शून्यावर येतो, हे गृहीतक कोणी तपासल्याशिवाय मान्य करण्याचे कारण नव्हते.

ते तपासणारा एक मोठा अभ्यास क्लेअर रिकर्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत केला आणि तो २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ३,२८३ प्रौढ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली होती. गरजेनुसार बदलण्याच्या गटात १,५९३ पैकी ११४ जणांना आणि ठराविक वेळेने बदलण्याच्या गटात १,६९० पैकी ११४ जणांना फ्लेबायटिस झाला, म्हणजे दोन्हीकडे सुमारे ७ टक्के. प्रमाणांतील फरक ०.४१ टक्के आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पट्टा, उणे १.३३ ते अधिक २.१५ टक्के होता.

या आकड्यांवर चौघींनी बराच वेळ घालवला. "फरक आढळला नाही" असे सांगणाऱ्या अनेक अभ्यासांत फरक शोधण्याइतके रुग्णच नसतात, आणि मग पुराव्याचा अभाव हाच अभावाचा पुरावा म्हणून खपवला जातो. इथे तसे नव्हते. ही चाचणी समतुल्यता दाखवण्यासाठीच आखलेली होती; ३ टक्क्यांपर्यंतचा फरक व्यवहारात नगण्य मानायचा, हे आधीच ठरले होते आणि इंटर्व्हलची दोन्ही टोके त्या मर्यादेच्या आत राहिली. रुग्णांना आणि नर्सना कोण कोणत्या गटात आहे हे माहीत होते, पण कॅन्युला कधी बदलला हे लपवणे शक्यच नसते, त्यामुळे हा दोष मान्य करून पुढे जावे लागते. विभागणी रुग्णांची केली होती, कॅन्युलांची नव्हे, ही आणखी एक चांगली बाजू. एकाच रुग्णाचे तीन कॅन्युला तीन स्वतंत्र घटना म्हणून मोजले, तर अभ्यास प्रत्यक्षाहून मोठा भासतो.

अध्यापिकांनी मात्र एक वेगळा आकडा पुढे केला. तिसऱ्या दिवशी जागेवर असलेले कॅन्युला गरजेनुसारच्या गटात सरासरी ९९ तास, तर वेळेनुसारच्या गटात ७० तास राहिले होते. म्हणजे "गरजेनुसार" याचा अर्थ कॅन्युला आठवडाभर पडून राहिला असा होत नाही. सरासरी फरक एका दिवसाहून थोडा अधिक. शिवाय या चाचणीत संशोधन नर्स रोज जागा पाहून नोंद करत होत्या. त्यामुळे चाचणीने जे तपासले ते "नियम काढून टाका" असे नव्हते. तपासलेली गोष्ट "नियमाऐवजी जागेकडे नीट पाहा" अशी होती. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा कणा इथे आहे. एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष उचलताना तो ज्या परिस्थितीत सिद्ध झाला ती परिस्थिती मागेच राहून जाते, आणि नर्सिंगमध्ये ती परिस्थिती म्हणजे बहुतेक वेळा कोणाचे तरी रोजचे, न दिसणारे काम असते.

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याच्या २०१९ च्या आवृत्तीत नऊ चाचण्या आणि ७,४१२ रुग्ण होते. फ्लेबायटिस आणि रक्तप्रवाहातील संसर्ग या दोन्हींत स्पष्ट फरक दिसला नाही. औषध शिरेबाहेर झिरपणे आणि कॅन्युला बंद पडणे या गोष्टी ठराविक वेळेने बदलल्यास थोड्या कमी होतात, असेही त्यात आढळले. पुराव्याची खात्री मुख्यतः मध्यम दर्जाची ठरवली होती. इथपर्यंत वॉर्डातल्या नर्सचे म्हणणे सरळ होते: नियम रद्द करावा.

संसर्ग नियंत्रणाच्या नर्सने जिनेव्हा विद्यापीठ रुग्णालयांचा अभ्यास टेबलावर ठेवला, तो २०२१ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेला. त्या रुग्णालयांनी २०१८ मध्ये वेळेचा नियम सोडून गरजेनुसार बदलण्याची पद्धत स्वीकारली आणि २०१९ च्या उत्तरार्धात ती मागे घेतली. नोंदी होत्या ४,१२,६३१ कॅन्युलांच्या. आधीच्या काळात २,४१,४३२ कॅन्युलांमागे रक्तप्रवाहातील ११ संसर्ग झाले होते. नव्या पद्धतीच्या काळात १,३०,७७९ कॅन्युलांमागे ४६ झाले. संसर्गाचा दर सुमारे सात पट झाला, आणि जुनी पद्धत परत आणल्यावर तो पूर्वपातळीवर आला.

बैठकीत इथे आवाज चढले. एका स्टाफ नर्सचे म्हणणे होते की यादृच्छिक चाचण्या आणि त्यांचा एकत्रित आढावा हा पुराव्याच्या उतरंडीत वरचा असतो, आधी-नंतरची तुलना खालची, त्यामुळे जिनेव्हाचा अभ्यास बाजूला ठेवावा. उतरंडीचे चित्र विद्यार्थ्यांना शिकवायला सोयीचे असते, पण ते असे वापरले की फसवते. रिकर्ड यांच्या चाचणीची रचना फ्लेबायटिससाठी होती. जिनेव्हातील वाईट काळातही संसर्गाचे प्रमाण सुमारे २,८०० कॅन्युलांमागे एक असे होते, आणि चांगल्या काळात सुमारे २२,००० मागे एक. काही हजार रुग्णांच्या चाचण्यांना एवढ्या विरळ घटनेतला फरक दिसूच शकत नाही, मग त्या कितीही काटेकोर असोत. उलट जिनेव्हाच्या अभ्यासात त्या काळात बदललेले दुसरे काही, उदाहरणार्थ कर्मचाऱ्यांची संख्या, कॅन्युला लावण्याची पद्धत किंवा नोंदींची सवय, परिणामात मिसळलेले असू शकते. पद्धत मागे घेताच दर खाली येणे ही गोष्ट मात्र निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. एका प्रश्नाला एक पुरावा उत्तर देतो आणि दुसऱ्याला दुसरा. कोण वरचढ, हा वादच चुकीचा होता.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की एक शक्यता समोर येते. रोज संशोधन नर्स जागा पाहत असताना वेळेचा नियम काढला, तर नुकसान दिसत नाही. मोठ्या रुग्णालयसमूहात सर्व वॉर्डांत एकदम नियम काढला, तर पाहण्याचे काम प्रत्येक पाळीत तितकेच होईल याची हमी नसते. जिनेव्हातील वाढ याच कारणाने झाली असे सिद्ध झालेले नाही, आणि तसे कोणी म्हणू नये. पण वॉर्डाने स्वतःला विचारायचा प्रश्न त्यातून स्पष्ट झाला: आपल्याकडे जागा पाहिली जाते का?

म्हणून नियमाला हात लावण्यापूर्वी चार्टची पाहणी करण्यात आली. कॅन्युला लावल्याची तारीख आणि वेळ जवळपास प्रत्येक ठिकाणी होती. ९६ तासांच्या नियमासाठी तीच तर लागते. जागा तपासल्याची पाळीनिहाय नोंद मात्र निम्म्याहून अधिक चार्टवर नव्हती, आणि जिथे होती तिथे बहुतेक वेळा "आयव्ही चालू" एवढेच लिहिलेले. घड्याळाने नर्सच्या निरीक्षणाची जागा घेतली होती. दोन रुग्णांच्या हाताला तर दोन दिवसांपासून वापरात नसलेले कॅन्युला सापडले, आणि त्यांना ९६ तास व्हायचे असल्यामुळे कोणाला खटकले नव्हते. वापर संपलेला कॅन्युला काढून टाकणे हा संसर्ग टाळण्याचा सर्वांत साधा उपाय आहे, आणि त्याबद्दल कोणत्याही अभ्यासात दुमत नाही.

जागा पाहण्यासाठी व्हीआयपी स्कोअर, म्हणजे डोळ्यांनी पाहून शिरेच्या दाहाला गुण देण्याची पट्टी, निवडला गेला. ० म्हणजे जागा निरोगी, ५ म्हणजे दाह अगदी पुढच्या टप्प्यावर. वेदना, लाली आणि सूज यांपैकी दोन गोष्टी आढळल्या की स्कोअर २, आणि २ झाला की कॅन्युला काढायचा. कागदावर हे सोपे दिसते. दोन नर्सना एकाच दिवशी एकमेकींना न विचारता ५० जागा तपासायला सांगितल्या, तेव्हा दाह नाही यावर ४३ ठिकाणी आणि दाह आहे यावर २ ठिकाणी एकमत झाले. उरलेल्या ५ ठिकाणी मतभेद होता. ५० पैकी ४५ म्हणजे ९० टक्के एकमत, असे म्हणून सगळ्या खूश झाल्या. पण बहुतेक जागा निरोगीच असताना दोघींनी डोळे मिटून "ठीक आहे" लिहिले असते, तरी एकमत भरपूर निघाले असते. केवळ योगायोगाने अपेक्षित असलेले एकमतच इथे सुमारे ८४ टक्के भरते. ते वजा करून काढलेला कोहेनचा कापा फक्त ०.३९ आला. जी गोष्ट पकडायची, म्हणजे सुरुवातीचा दाह, तिच्यावरच दोघींचे जुळत नव्हते.

मतभेदाच्या पाचही जागा इन्चार्ज सिस्टरनी दोघींना सोबत घेऊन पुन्हा पाहिल्या. तीन ठिकाणी कारण ड्रेसिंग होते: अपारदर्शक चिकटपट्टीखाली एकीने बोटाने दाबून पाहिले, दुसरी वरून पाहून पुढे गेली. एका सावळ्या रुग्णाच्या हातावर लाली दिसत नव्हती, पण त्वचा शेजारच्या भागापेक्षा गरम आणि ताठ लागत होती. उरलेल्या एका ठिकाणी रुग्णाला दुखते का, हे विचारलेच नव्हते. यातून पारदर्शक ड्रेसिंगची मागणी गेली, आणि चार्टवर स्कोअरच्या आधी "विचारले, पाहिले, दाबले" असे तीन रकाने आले. प्रशिक्षणानंतर कापा पुन्हा काढायचा आणि तो ०.६ च्या वर गेल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे ठरले.

यश मोजायचे कशाने, यावर पुन्हा खल झाला. दर १०० कॅन्युलांमागे फ्लेबायटिस मोजला, तर नव्या पद्धतीत आकडा वाढलेला दिसणारच, कारण प्रत्येक कॅन्युला अधिक दिवस राहतो आणि एकूण कॅन्युला कमी लागतात. दर १,००० कॅन्युला-दिवसांमागे मोजला, तर तोच अनुभव वेगळा दिसतो. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की संपूर्ण उपचारात आपल्याला दाह झाला का आणि आपल्याला किती वेळा टोचले गेले. त्यामुळे मुख्य मोजमाप रुग्णामागे ठेवले, कॅन्युला-दिवसांचा दर जोडीला ठेवला, आणि हे पहिली नोंद होण्यापूर्वीच लिहून काढले. कशामागे मोजायचे तो छेद नंतर निवडला, तर तो हवे ते सांगतो.

रक्तप्रवाहातील संसर्गाबाबत वॉर्ड स्वतःच्या आकड्यांवर काहीच सिद्ध करू शकणार नाही, हेही तेव्हाच नोंदवले गेले. चाचणीच्या काळात समजा ३०० कॅन्युला लागले आणि एकही संसर्ग झाला नाही, तरी तीनाच्या नियमाने, म्हणजे तीनला एकूण संख्येने भागून, खऱ्या प्रमाणाची वरची मर्यादा सुमारे १ टक्का येते. जिनेव्हातील वाईट काळातले प्रमाण ०.०४ टक्क्यांच्याही आत होते. म्हणजे "आमच्याकडे एकही संसर्ग झाला नाही" हे वाक्य अहवालात शोभेल, पण त्याचा अर्थ जवळपास शून्य असेल. या परिणामासाठी संपूर्ण रुग्णालयाची, वर्षानुवर्षांची नोंद लागते, आणि ती ठेवण्याची जबाबदारी संसर्ग नियंत्रण विभागाने घेतली.

हे काम गुणवत्ता सुधारणेचे की संशोधनाचे, असा प्रश्न वैद्यकीय अधीक्षकांनी विचारला. नाव काहीही दिले तरी रुग्णांवरील प्रस्थापित पद्धत बदलणार असल्याने प्रस्ताव नैतिकता समितीकडे पाठवला गेला.

मग क्रम उलटा लावला गेला. पहिल्या टप्प्यात ९६ तासांचा नियम कायम ठेवून प्रत्येक पाळीत जागा तपासणे आणि वापर नसलेला कॅन्युला त्याच पाळीत काढणे सुरू झाले. दुसऱ्या टप्प्यात, पाळीनिहाय नोंदी सलग तीन महिने ९० टक्क्यांच्या वर राहिल्या तरच, ९६ तासांनंतर कॅन्युला ठेवण्याची मुभा मिळणार होती. आणीबाणीत घाईने लावलेले कॅन्युला यातून वगळले. निर्जंतुक पद्धत पाळता आली नसेल तर ते ४८ तासांच्या आत बदलावेत, ही सीडीसीची सूचना तशीच ठेवली. ज्या रुग्णांना वेदना सांगता येत नाही, म्हणजे बेशुद्ध, गोंधळलेले किंवा गुंगीत असलेले, त्यांच्यासाठीही वेळेचा नियम राहू दिला, कारण स्कोअरमधले "विचारले" हे पहिलेच पाऊल त्यांच्याबाबत अशक्य असते. या अपवादाला थेट पुरावा नव्हता. तो नर्सच्या अनुभवावर घेतला आणि प्रोटोकॉलमध्ये तसेच लिहिले.

एका स्टाफ नर्सला ही सावधगिरी फार वाटली. चांगला पुरावा असताना आजींसारख्या रुग्णांना आणखी तीन महिने विनाकारण टोचायचे का, हा तिचा आक्षेप वजनदार होता आणि बैठकीला त्याचे पूर्ण उत्तर देता आले नाही. तडजोड म्हणून शीर मिळणे अवघड असल्याची नोंद असलेल्या रुग्णांत, स्कोअर ० असेल तर, इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टर दोघांच्या सहीने पहिल्या टप्प्यातही कॅन्युला ठेवता येईल, असे कलम घातले गेले.

प्रोटोकॉलच्या शेवटच्या परिच्छेदात मागे फिरण्याच्या अटी आहेत. दुसऱ्या टप्प्यात कोणत्याही महिन्यात जागा तपासल्याच्या नोंदी ९० टक्क्यांखाली गेल्या, तर पुढच्या पाळीपासून ९६ तासांचा नियम परत लागू होईल आणि त्यासाठी बैठक बोलावण्याची गरज नसेल. कॅन्युलाशी संबंधित रक्तप्रवाहातील संसर्गाची प्रत्येक घटना, एकच झाली तरी, कॅन्युला किती तास होता, कोणी कधी तपासला आणि स्कोअर काय होता यांसह ७२ तासांत स्वतंत्रपणे तपासली जाईल. रात्रपाळीत रुग्णांमागे नर्सची संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी झाली, तर त्या रात्रीपुरता वेळेचा नियम आपोआप लागू राहील.